हजारात एक: एमएसच्या औषधांचा हिशेब

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत नॅटालिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. मल्टिपल स्क्लेरोसिसवर, म्हणजे एमएसवर, तोवर जी औषधे होती त्यांच्याहून हे कितीतरी जोरकस होते. पण फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. चाचणीत ते घेणाऱ्या दोन एमएस रुग्णांना पीएमएल नावाचा मेंदूचा संसर्ग झाला होता. पुढे आतड्याच्या आजारासाठी हेच औषध घेतलेला तिसरा रुग्णही सापडला. तिघांपैकी दोघे दगावले. तोवर सुमारे तीन हजार जणांनी चाचण्यांमध्ये हे औषध घेतले होते, म्हणजे धोका साधारण हजारात एकाचा.

यानंतर घडले ते औषधांच्या इतिहासात क्वचितच घडते. मार्च २००६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे एमएसचे रुग्ण स्वतः येऊन बोलले. आम्हाला धोका ठाऊक आहे, तरी औषध परत द्या, असे त्यांचे मागणे होते. समितीने एकमताने शिफारस केली आणि जूनमध्ये कडक नोंदणी व देखरेखीच्या अटींवर औषध परत आले.

हे रुग्ण बेफिकीर नव्हते. त्यांनी हिशेब केला होता. मुख्य चाचणीत दोन वर्षांत प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा, घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांचे अपंगत्व वाढले. नॅटालिझुमॅब घेणाऱ्यांत ते प्रमाण १७ टक्के होते. हजार रुग्ण डोळ्यांसमोर आणले तर या औषधाने १२० जणांची घसरण टळत होती आणि एकाला पीएमएल होत होता. या दोन आकड्यांपैकी कुठला जड, हे ज्याचे पाय गळून चालले आहेत तो आणि ज्याला वर्षानुवर्षे काही झालेले नाही तो वेगवेगळे ठरवतील. दोघांचेही उत्तर बरोबर असू शकते. एमएसचे औषध निवडणे म्हणजे प्रत्येक रुग्णाने हाच हिशेब आपल्यापुरता मांडणे, आणि तो टाळून नुसते "सगळ्यात चांगले औषध कोणते?" असे विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

आजार थोडक्यात असा. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्याच्या नसेवर चाल करून जाते. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे चरबीयुक्त आवरण असते. ते ठिकठिकाणी नष्ट होते, संदेश अडखळतात आणि पुढे तंतूही मरू लागतात. एका डोळ्याला धूसर दिसणे, कमरेखाली बधिरता, पाय जड पडणे, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि झोपूनही न जाणारा थकवा ही त्याची नेहमीची लक्षणे. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो. पॅरिसमध्ये झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे पहिले नेटके वर्णन केले. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात तो विरळ आहे. मात्र मुंबईच्या पारशी समाजात १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले होते, जे भारताच्या मानाने खूपच जास्त होते.

साधारण ८५ टक्के रुग्णांत आजार झटक्यांनी सुरू होतो. लक्षणे काही दिवसांत वाढतात, काही आठवडे टिकतात, मग पूर्ण किंवा अर्धवट ओसरतात. अशा झटक्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही रिलॅप्सच म्हणतात. उरलेल्यांत झटके नसतात, पहिल्यापासून हळूहळू उतरण लागते.

रिलॅप्स आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तीन ते पाच दिवस सलाइनमधून देतात. रुग्ण लवकर सावरतो आणि उपचार झाला असे घरच्यांना वाटते. पण स्टिरॉइड फक्त सावरण्याचा वेग वाढवते, पुढचा रिलॅप्स ते थोपवत नाही. पुढचे नुकसान टाळणारी औषधे निराळी आणि ती बरे वाटत असतानाच घ्यायची असतात. हे एकदा नीट समजावून न सांगितल्यामुळे कितीतरी जणांची मोलाची वर्षे वाया जातात.

औषध निवडण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी, की हा आजार एमएसच आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक आजार अगदी एमएससारखा दिसतो. त्यातही डोळ्याची नस सुजते, मज्जारज्जू सुजतो. २००४ मध्ये त्याची खूण पटवणारी अँटिबॉडी सापडली आणि हा वेगळाच आजार असल्याचे स्पष्ट झाले. आता या अँटिबॉडीची, म्हणजे अॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची, रक्ततपासणी आपल्याकडेही होते, आणि त्याच जोडीला एमएससारख्याच दिसणाऱ्या आणखी एका आजाराची खूण असलेल्या मॉग अँटिबॉडीचीही. हा बारकावा पुस्तकी नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला दिली तर आजार चिघळू शकतो. एमआरआयवर पांढरे ठिपके दिसले एवढ्यावरून कुणी औषध सुरू करायला सांगत असेल, तर या दोन तपासण्यांविषयी जरूर विचारा.

आता टक्केवारीकडे येऊ. माझ्या मते रुग्णांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. माहितीपत्रकात लिहिलेले असते की अमुक औषधाने रिलॅप्स ३४ टक्क्यांनी घटतात, तमुक औषधाने ५४ टक्क्यांनी. वाचणारा लगेच दुसऱ्याकडे वळतो. हे दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरफेरॉन बीटा-१बीच्या चाचणीचा, दुसरा २०१० सालच्या फिंगोलिमॉडच्या चाचणीचा. पण टक्के कशाचे हे पाहिले की चित्र पालटते. इंटरफेरॉनच्या चाचणीत प्लासिबोवरच्या शंभर जणांना वर्षभरात १२७ रिलॅप्स येत होते, औषधावर ८४. म्हणजे ४३ रिलॅप्स टळले. फिंगोलिमॉडच्या चाचणीत प्लासिबोवरच्या शंभर जणांना ४० रिलॅप्स येत होते, औषधावर १८. म्हणजे टळले २२. टक्केवारी मोठी, पण टळलेल्या झटक्यांची संख्या निम्मी.

याचा अर्थ इंटरफेरॉन जास्त प्रभावी, असाही नाही. फिंगोलिमॉडची इंटरफेरॉनशी थेट स्पर्धा लावली तेव्हा फिंगोलिमॉडच सरस ठरले. सतरा वर्षांत बदलले होते ते चाचणीत येणारे रुग्ण. १९९० च्या सुमारास ज्यांना वारंवार झटके येत, असेच रुग्ण निवडले गेले होते. पुढे एमआरआयमुळे निदान लवकर होऊ लागले, निदानाचे निकष बदलले आणि सौम्य आजाराचे लोकही चाचण्यांत येऊ लागले. म्हणून वेगवेगळ्या चाचण्यांतले टक्के शेजारी मांडून औषधांची क्रमवारी लावता येत नाही. दोन औषधे एकाच चाचणीत समोरासमोर उभी केली असतील तरच तुलना खरी. डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न त्यामुळे असा: "माझ्यासारख्या शंभर जणांनी हे औषध घेतले नाही तर दोन वर्षांत किती जणांना त्रास होईल, आणि घेतले तर किती जणांना?" दुष्परिणामांबाबतही हाच प्रश्न विचारायचा.

औषधांची यादी आता वीसच्या पुढे गेली आहे. सगळ्यांची जंत्री इथे देत नाही, पण त्यांचे स्वभाव माहीत असावेत.

इंटरफेरॉन आणि १९९६ साली आलेले ग्लॅटिरामर ही सर्वांत जुनी, टोचून घ्यायची औषधे. त्यांचा परिणाम बेताचा, पण तीस वर्षांचा अनुभव पाठीशी आहे आणि जिवावर बेतणारे धोके फार कमी. इंटरफेरॉनने सुईनंतर फ्लूसारखी कणकण येते. ग्लॅटिरामरने टोचलेल्या जागी गाठी, खड्डे पडतात. आठवड्यातून अनेकदा स्वतःला टोचून घेण्याचा कंटाळा हेच औषध सुटण्याचे मोठे कारण असते.

गोळ्यांमध्ये टेरिफ्लुनोमाइड रोज एक घ्यायची. परिणाम इंटरफेरॉनच्या जवळपास. यकृतावर लक्ष ठेवावे लागते, केस विरळ होऊ शकतात. गर्भाला ती घातक आहे, आणि गोळी बंद केल्यावरही तिचा अंश शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. तो लवकर काढून टाकायचा तर वेगळे औषध द्यावे लागते. म्हणून मूल हवे असलेल्या तरुणीसाठी ती बहुधा गैरसोयीची. डायमिथाइल फ्युमरेटने चेहरा लाल होतो, पोट बिघडते आणि काहींच्या पांढऱ्या पेशी घटतात. फिंगोलिमॉड अधिक जोरकस, पण पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावते, म्हणून सहा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. डोळ्यांची तपासणी करावी लागते, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते आधी पाहावे लागते. या तिन्ही गोळ्या भारतीय कंपन्याही बनवतात, हा आपल्याकडचा मोठा दिलासा. क्लॅड्रिबिनची तऱ्हाच वेगळी: दोन वर्षांत दोनदा, मोजके दिवस गोळ्या घ्यायच्या आणि पुढे बराच काळ काही नाही.

त्यापुढची पायरी नॅटालिझुमॅबची आणि प्रतिकारयंत्रणेतल्या बी पेशी कमी करणाऱ्या औषधांची. नॅटालिझुमॅबच्या धोक्याविषयी २००६ नंतर फार मोठी उकल झाली. पीएमएल हा जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यात कधीतरी शिरून गप्प बसलेला असतो. रक्तात त्याची अँटिबॉडी नसेल तर धोका दहा हजारांत एकाहूनही कमी. अँटिबॉडीचे प्रमाण जास्त असेल आणि औषध दोन वर्षांहून अधिक काळ चालू असेल, तर तो वाढत शंभरात एकाच्या घरात जातो. सगळ्यांसाठी हजारात एक असा सरसकट आकडा होता, त्याच्या जागी आता प्रत्येकाचा आपला आकडा आला. अँटिबॉडी नसलेल्याला हे औषध बऱ्यापैकी निर्धास्तपणे देता येते. ती असलेल्याला मर्यादित काळ देऊन पुढे दुसऱ्या औषधाकडे नेता येते. चारऐवजी सहा आठवड्यांनी मात्रा दिल्यानेही धोका उतरतो. गेल्या वीस वर्षांतली ही मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

बी पेशी कमी करणारी औषधे म्हणजे रिटुक्सिमॅब, ओक्रेलिझुमॅब, ओफाटुमुमॅब. पहिली दोन सलाइनमधून, साधारण सहा महिन्यांनी. ओफाटुमुमॅब महिन्यातून एकदा घरी टोचून घ्यायचे. ओक्रेलिझुमॅबने इंटरफेरॉनच्या तुलनेत रिलॅप्स जवळजवळ निम्मे केले. पहिल्यापासून उतरण लागणाऱ्या एमएसवर २०१७ साली मान्यता मिळालेले ते पहिले औषध. मात्र तिथला लाभ किती, हेही शंभरांच्या हिशेबात पाहावे: प्लासिबोवर ३९ जणांची स्थिती बिघडली, औषधावर ३३ जणांची. सहा जण वाचले. ते सहा महत्त्वाचेच, पण औषधाने उतरण थांबते असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. आजवरची औषधे झटके रोखण्यात पटाईत आहेत. झटक्यांवाचून होणारी संथ झीज त्यांना अजून फारशी आवरत नाही.

रिटुक्सिमॅबविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आपल्या वाचकाचा संबंध बहुधा याच औषधाशी येईल. हे मूळचे लिम्फोमा या कर्करोगावरचे औषध, १९९७ साली आलेले. एमएससाठी त्याची अधिकृत मान्यता कधी मागितलीच गेली नाही, पण स्वीडनच्या डॉक्टरांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले आणि तिथे ते एमएसवरचे सर्वाधिक वापरले जाणारे औषध बनले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश चाचणीत नव्या रुग्णांना रिटुक्सिमॅब किंवा डायमिथाइल फ्युमरेट दिले. दोन वर्षांत रिलॅप्स आला तो पहिल्या गटात ३ टक्क्यांना, दुसऱ्यात १६ टक्क्यांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब ही तीन औषधे अत्यावश्यक यादीत घातली. रुग्णनोंदींवर आधारलेल्या एका तुलनेत ओक्रेलिझुमॅब रिटुक्सिमॅबहून सरस दिसले, हेही सांगायला हवे. पण रिटुक्सिमॅब भारतात २००७ पासून बनते आणि त्याची किंमत मूळ परदेशी औषधांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. जे औषध वर्षभरानंतर परवडणार नाही त्याच्यापेक्षा जे दहा वर्षे चालू ठेवता येईल ते औषध चांगले. मध्यमवर्गीय मराठी घराला रिटुक्सिमॅबचा पर्याय सुचवला गेला, तर त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. बी पेशी घटल्या की संसर्ग वाढतात. कोव्हिडच्या साथीत हे औषध घेणाऱ्यांना आजार अधिक तीव्र झाला आणि लशीचा परिणाम कमी दिसला. यकृतात दबा धरून बसलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून पहिल्या मात्रेआधी त्याची रक्ततपासणी झालीच पाहिजे. क्षयरोगाचे जंतू तर आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात निपचित असतात. परदेशी चाचण्यांत या प्रश्नाला फारशी जागा नव्हती, पण पुण्यात, नागपुरात, पणजीत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करताना छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी टाळू नये. लशीही आधीच उरकून घ्याव्यात, कारण नंतर त्या नीट लागू पडत नाहीत.

सौम्य औषधाने सुरुवात करून गरज पडली तर जोरकस द्यायचे, की पहिल्यापासूनच जोरकस? डॉक्टरांमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद आहे. स्वीडन आणि डेन्मार्क या शेजारी देशांनी नकळत याचा एक प्रयोगच केला. स्वीडनमध्ये तीनांतल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच जोरकस औषध मिळत होते, डेन्मार्कमध्ये तेरांतल्या एकाला. २०२१ साली दोन्ही देशांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा स्वीडनच्या रुग्णांचे अपंगत्व वाढण्याचा वेग २९ टक्क्यांनी कमी निघाला. ही नोंदींची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, त्यामुळे शेवटचा शब्द नव्हे. तरी इतर देशांच्या नोंदीही याच दिशेला बोट दाखवतात. माझे मत विचाराल तर, पहिल्या एमआरआयवरच पुष्कळ डाग असतील, मज्जारज्जूवर किंवा मेंदूच्या देठात डाग असतील, झटके लागोपाठ येत असतील किंवा झटक्यानंतर पूर्ण बरे वाटत नसेल, तर सौम्य औषधावर दोन वर्षे घालवणे महागात पडते. मेलेला मज्जातंतू पुन्हा जिवंत करणारे औषध अजून कुणाकडे नाही. उलट एकच सौम्य झटका, मोजके डाग आणि पूर्ण सुधारणा असेल, तर बेताच्या औषधाने सुरुवात करून दर सहा-बारा महिन्यांनी एमआरआय पाहणे अगदी योग्य.

बाळंतपणाचा विचार नंतर करू, असे म्हणून चालत नाही. आजार ऐन तारुण्यात येतो आणि आपल्याकडे निदानानंतर मुलीच्या लग्नाचा प्रश्न औषधाच्या प्रश्नाआधी उभा राहतो. एमएस असलेली स्त्री आई होऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रिलॅप्स घटतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, हे १९९८ सालच्या युरोपीय अभ्यासाने दाखवले. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड गर्भासाठी नकोत. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉनचा अनुभव आश्वासक आहे. वर्षा-दोन वर्षांत मूल हवे आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगितले तर औषधाची निवडच वेगळी होते. सासूबाई शेजारी बसल्या असताना हे बोलता येत नसेल, तर डॉक्टरांकडे एकटीने वेळ मागा.

पंचावन्नच्या पुढे, वर्षानुवर्षे आजार शांत असेल तर औषध थांबवावे का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत असे रुग्ण घेतले. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना, थांबवणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना नवा झटका किंवा नवा डाग आला. थांबवणाऱ्या शंभरांतले ८८ जण ठीक राहिले, हेही त्याच आकड्यांत आहे. इथेही ज्याचा त्याचा कल वेगळा पडेल.

पैशांच्या बाबतीत एक हक्क माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर कायद्यातल्या सवलती मागता येतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था मुंबईत १९८५ पासून आहे. इतर रुग्ण कोणते औषध कसे सोसतात, हे तिथे कळते.

आणि एक कळकळीची विनंती. नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड एकाएकी थांबवले तर काही महिन्यांत आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो, आणि त्या एका उसळीने आलेले अपंगत्व कायमचे राहू शकते. खर्च झेपत नाही, दिवस राहिले, कुणी दुसरी चिकित्सा सुचवली किंवा नुसता कंटाळा आला, कारण कुठलेही असो, कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी न्यूरोलॉजिस्टना गाठा आणि पुढचे औषध कधी सुरू करायचे ते ठरवून मगच हातातले सोडा.